उतारावरची गोळी

पनवेल मागे टाकून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दृष्टीस पडतो. मूठ मिटून अंगठा तेवढा वर करावा, तसा तो डोंगरमाथ्यावर उभा आहे. किल्ल्याची वाट पक्ष्यांसाठी राखलेल्या रानातून चढत जाते. जागोजागी सुटे दगड असतात. चढणाऱ्याच्या पायाखालून त्यांतील एखादा निसटतो आणि उतारावरून गडगडत निघतो. तो कोठे जाणार हे पहिल्या क्षणी सांगता येईल असे वाटते. परंतु वाटेत एक मूळ आडवे येते. दगड त्यावर आपटून उजवीकडे वळतो. पुढे एका खोडाला थडकून तो डावीकडे उडतो, क्षणभर एखाद्या खळग्यात घुटमळतो, पुन्हा सुटतो आणि अखेर पाचोळ्यात नाहीसा होतो. त्याच जागेवरून तसाच दुसरा दगड निसटला, तर तो पहिल्याच्या मागोमाग जाईलच असे नाही. आरंभी केसभर फरक पडला, तरी शेवटी दहा हातांचे अंतर पडते. म्हणूनच डोंगरावर हौसेने दगड लोटणे हा निरुपद्रवी खेळ नव्हे. खालच्या वळणावर कोण चढत आहे, हे वरच्याला दिसत नसते.

उतार, गडगडणारी वस्तू आणि वाटेतील अडथळे एवढ्या तीनच गोष्टींतून मनुष्याने एक निरुपद्रवी खेळ मात्र खरोखरच निर्माण केला. त्याचे नाव पिनबॉल. विसाव्या शतकात या खेळाची मोठमोठी यंत्रे झाली. त्यांच्या काचांवर अग्निबाण, परग्रह आणि अंतराळवीर यांची रंगीत चित्रे झळकू लागली. अमेरिकेतील शिकागो शहरी १९७६ साली तयार झालेले 'स्पेस मिशन', म्हणजे 'अंतराळ मोहीम', हे त्यांपैकीच एक यंत्र होय. त्याच्या काचेवर अंतराळयुग रंगवलेले आहे, आणि पोटात मात्र तारायंत्राच्या काळातील साधने भरलेली आहेत. ही विसंगती कशी घडली हे समजण्यासाठी आरंभ एका साध्या लाकडी फळीपासून करावा लागतो.

ही फळी महाराष्ट्रातील अनेक घरांतून मुलांच्या परिचयाची आहे. तिला बॅगाटेल म्हणतात. फळीचा वरचा भाग अर्धगोल असतो आणि तिच्यावर ठिकठिकाणी खिळे ठोकलेले असतात. काही खिळ्यांची लहान लहान कुंपणे केलेली असतात व प्रत्येक कुंपणाजवळ गुणांचा आकडा लिहिलेला असतो. उजव्या कडेला एक स्प्रिंग लावलेला दांडा असतो. तो ओढून सोडला, की गोळी कडेच्या वाटेने वर जाते, कमानीवरून वळते आणि खिळ्यांना ठोकरत, अडखळत खाली येऊ लागते. सुटीच्या दिवशी दुपारी अशी फळी पुढ्यात घेऊन दोघे भावंडे बसली, की त्यांचा वेळ कसा जातो हे त्यांना कळत नाही. भांडणही बहुधा एकाच कारणावरून होते : गोळी खाली येत असता एकाने फळी हळूच हलवली, असा दुसऱ्याचा आरोप असतो. या आरोपाला पुढे पिनबॉलच्या इतिहासात मोठे महत्त्व आले.

फळी किंचित उतरती ठेवण्यात एक युक्ती आहे. वस्तू सरळ खाली पडते तेव्हा तिचा वेग इतक्या झपाट्याने वाढतो, की डोळ्यांना तिचा नीट माग घेता येत नाही. इटलीतील गॅलिलिओ या शास्त्रज्ञाला पडत्या वस्तूचा अभ्यास करताना हीच अडचण आली होती. तेव्हा त्याने गोळ्या उतरत्या पन्हळीतून सोडल्या. उतारावर गुरुत्वाकर्षणाचे कार्य तेच राहते. ते केवळ मंद होते. एक मीटर उंचीवरून सोडलेली गोळी अर्ध्या सेकंदाच्या आतच जमिनीवर येते. परंतु जुन्या पिनबॉल यंत्रांतील फळीचा उतार साधारण साडेतीन अंशांचा असे. त्यावरून एक मीटर घरंगळण्यास त्याच गोळीला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. पाहण्यास, विचार करण्यास आणि बोट हलवण्यास माणसाला एवढा वेळ पुरतो. सारा खेळ या दोन सेकंदांत सामावलेला आहे.

बॅगाटेल हा खेळ मूळचा फ्रान्समधला. तो अठराव्या शतकात तेथे लोकप्रिय झाला. त्या काळी गोळी लहानशा काठीने ढकलीत असत. स्प्रिंगच्या दांड्याचे एकस्व १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह याने मिळवले. मोठ्या मेजावरचा हा खेळ त्यामुळे लहानशा पेटीत मावू लागला आणि दुकानाच्या फळीवर ठेवता येऊ लागला.

१९३० नंतरची काही वर्षे अमेरिकेत फार हलाखीची गेली. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लक्षावधी माणसे बेकार झाली. अशा वेळी नाटक-सिनेमाला पैसे कोठून आणावेत? १९३१ साली डेव्हिड गॉटलिब या शिकागोच्या कारखानदाराने 'बॅफल बॉल' नावाची पेटी बाजारात आणली. एक सेंट टाकला की काही गोळ्या मिळत व थोडा वेळ मन रमे. या पेट्या हजारोंच्या संख्येने खपल्या. त्यांत वीज नव्हती. १९३३ साली हॅरी विल्यम्स या हुशार तरुणाने आपल्या 'काँटॅक्ट' या यंत्रात बॅटरी बसवली. गोळी एका खळग्यात पडली, की विजेच्या जोरावर ती बाहेर उडे आणि घंटा वाजे. आतापर्यंत गोळी केवळ खाली येत होती. आता यंत्र तिला उलट टोला देऊ लागले.

घरच्या फळीवरून भावंडांत होणारे भांडण या पेट्यांभोवतीही होऊ लागले. खेळणारे पेटी हलवीत, उचलीत, खालून ठोसे मारीत. एका कारखान्याने पेटीच्या बुडाला खिळे ठोकून पाहिले, असेही सांगतात. विल्यम्सने शोधलेला उपाय अधिक सभ्य आणि अधिक शास्त्रीय होता. त्याने पेटीत एक लंबक टांगला आणि त्याच्या भोवती धातूचे कडे बसवले. पेटी स्थिर असताना लंबक कड्याच्या मध्यभागी मोकळा लोंबतो. पेटीला जोराचा हिसका बसला, की तो कड्याला टेकतो. त्या स्पर्शाने विजेचे मंडल पूर्ण होते आणि चालू डाव तेथेच संपतो. काचेवर 'टिल्ट' हा शब्द उजळतो. या योजनेतील मार्मिक भाग असा, की हलका धक्का तिला चालतो. लंबक आणि कडे यांच्यामध्ये थोडी जागा मोकळी सोडलेली असते. त्या जागेचा अंदाज ज्याला आला, तो खेळाडू तळहाताने पेटीला अचूक तेवढाच धक्का देतो आणि वाकडी जाणारी गोळी सरळ करतो. नियमाने जेथे मनाई केली, तेथेच कौशल्याला थोडी वाट ठेवली.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नव्हती. दांडा सोडल्यानंतर गोळीवर खेळाडूची सत्ता फारशी उरत नसे. कर्नाळ्याच्या उतारावरून सुटलेल्या दगडासारखी ती खिळ्यांच्या स्वाधीन होई. काही यंत्रे तर जिंकणाऱ्याला पैसे देत. मग हा खेळ की जुगार? न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांना याविषयी शंका नव्हती. १९४२ च्या जानेवारीत त्यांनी शहरात पिनबॉलवर बंदी घातली. पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली. महापौर स्वतः हातात घण घेऊन यंत्रे फोडीत असल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. इतर काही मोठ्या शहरांनीही अशीच बंदी केली. ज्या शिकागोत ही यंत्रे बनत, तेथेदेखील ती खेळण्यास अनेक वर्षे मनाई होती. एखाद्या गावाने मिठाई बनवून परगावी धाडावी आणि स्वतः मात्र तिला शिवू नये, असा हा प्रकार होता.

नशीब कोठे संपते आणि कौशल्य कोठे सुरू होते, हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नव्हे. मुंबई राज्यात बक्षिसांच्या स्पर्धांवर कर व निर्बंध घालणारा कायदा १९४८ साली झाला. त्यावरून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ साली निकाल लागला. ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगार ठरत नाही, हे तत्त्व त्या निकालांतून भारतीय कायद्यात स्थिर झाले. पिनबॉलच्या कैवाऱ्यांना नेमके हेच सिद्ध करावयाचे होते. परंतु त्यासाठी यंत्रात कौशल्याला खरोखर जागा असावयास हवी होती, आणि बंदी आली त्या वर्षी तरी ती फार थोडी होती.

ती जागा १९४७ साली निर्माण झाली. गॉटलिबच्या कारखान्यातील हॅरी मॅब्ज याने 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रात सहा लहान हलते हात बसवले. पेटीच्या बाजूचे बटण दाबले, की हे हात झटकन फिरत आणि गोळीला टोला देत. त्यांना फ्लिपर म्हणतात. आरंभीचे हे हात दुबळे होते. गोळी तळापासून माथ्यापर्यंत पोचवण्यासाठी तिला एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे चढवीत न्यावे लागे. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, दुसऱ्या एका कारखान्यातील स्टीव्ह कॉर्डेक याने 'ट्रिपल ॲक्शन' या यंत्रात सहांच्या जागी दोनच, परंतु जोरकस हात ठेवले आणि ते फळीच्या अगदी तळाशी, गोळी जेथून निसटून जाते त्या वाटेच्या दोन बाजूंना बसवले. आज जगात कोठेही पिनबॉलचे यंत्र पाहिले, तर बहुधा हीच मांडणी आढळते. उतारावरून येणाऱ्या गोळीच्या वाटेत अखेर माणूस येऊन उभा राहिला.

कॉर्डेक या धंद्यात आला तो पावसामुळे. १९३७ साली काम शोधण्याच्या दिवसांत शिकागोच्या रस्त्याने जात असता त्याला जोराच्या सरीने गाठले. जवळ छत्री नव्हती. आडोशासाठी तो एका इमारतीच्या दारात शिरला. ते पिनबॉलच्या कारखान्याचे कार्यालय निघाले. आतील बाईने त्याला विचारले, नोकरी हवी आहे काय? तोपर्यंत त्याने असले यंत्र कधी पाहिलेही नव्हते. हे काम त्याने पुढे साठ वर्षांहून अधिक काळ केले आणि शंभरावर यंत्रांची रचना केली. २०१२ साली तो वारला, तेव्हा त्याने वयाची शंभरी पूर्ण केलेली होती.

फ्लिपरची घडण पाहण्यासारखी आहे. त्याच्या मुळाशी तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते आणि वेटोळ्याच्या पोकळीत लोखंडी दांडा. तारेतून वीज वाहू लागली, की वेटोळे चुंबक बनते व दांड्याला आत ओढते. दांडा फ्लिपरला फिरवतो. एवढे समजणे सोपे आहे. परंतु खेळाडूने बटण दाबूनच ठेवले तर काय होईल? जड गोळी भिरकावण्यास लागणारा प्रचंड प्रवाह वाहतच राहील, आणि थोड्याच वेळात वेटोळे जळून जाईल. यासाठी वेटोळ्यात दोन तारा असतात. एक जाड, थोड्या वेढ्यांची. दुसरी बारीक, पुष्कळ वेढ्यांची. बटण दाबताक्षणी जाड तारेतून जोराचा प्रवाह धावतो व टोला बसतो. फ्लिपर पूर्ण वर गेला, की तो स्वतःच एक लहानशी कळ उघडतो. मग प्रवाहाला बारीक तारेतून जावे लागते आणि तो मंदावतो. उचललेला हात उचललेलाच ठेवण्यापुरता तो पुरतो. ओझे उचलताना हमालाला सारे बळ एकवटावे लागते, पण एकदा ते डोक्यावर बसले की तो सावकाश चालू शकतो, तसेच हे आहे.

अशा रीतीने खेळ घडत असतानाच त्याच्या पेटीवरील चित्रे बदलत होती. पूर्वी तेथे सर्कस, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांची राजा-राणी असत. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला, आणि १९५८ साली गॉटलिबचे 'रॉकेट शिप' हे यंत्र बाजारात आले. यंत्राच्या पोटात त्यामुळे काही पालट झाला नाही. गोळी तीच, हात तेच. परंतु चित्राने खेळणाऱ्याच्या मनात वेगळी कल्पना उभी केली. दांडा ओढणे म्हणजे अग्निबाण सोडणे, आणि उसळणारी गोळी म्हणजे ग्रहांमधून वाट काढणारे यान! विज्ञानकथा जे काम शब्दांनी करते, ते येथे एका रंगवलेल्या काचेने केले. मराठीतही हाच सुमार विज्ञानकथा बहरण्याचा होता. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळाले. ती टोपणनावाने आलेली होती; लेखक निघाले जयंत नारळीकर.

'अंतराळ मोहीम' या यंत्रावरील चित्र मात्र केवळ कल्पनेतले नव्हते. १७ जुलै १९७५ रोजी अमेरिकेचे अपोलो आणि रशियाचे सोयूझ ही दोन याने पृथ्वीभोवती फिरत असता एकमेकांस जोडली गेली. दोन्ही देशांत त्या काळी उघड वैर नसले तरी अविश्वास भरपूर होता. यानेही एकमेकांहून इतकी भिन्न होती, की एका यानातील माणसास दुसऱ्यात सरळ जाता येत नसे. अपोलोत विरळ असा निव्वळ प्राणवायू, तर सोयूझमध्ये पृथ्वीवरच्यासारखी मिश्र हवा. म्हणून दोहोंच्या मध्ये बसवण्यासाठी एक स्वतंत्र खोली तयार करावी लागली. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावत असलेली ही याने एकमेकांजवळ येताना मात्र हळुवारपणे, मुंगीच्या पावलांनी आली. मग दार उघडले, आणि स्टॅफर्ड व लिओनोव्ह या दोन प्रमुखांनी एकमेकांचे हात हातात घेतले.

भारताच्या दृष्टीनेही ते वर्ष संस्मरणीय होते. त्याच वर्षी १९ एप्रिलला 'आर्यभट' हा भारताचा पहिला उपग्रह रशियन अग्निबाणाने आकाशात गेला. अपोलो-सोयूझ भेटीची दृश्ये पृथ्वीवर पोचवण्याच्या कामी अमेरिकेचा जो उपग्रह वापरला गेला, त्याच उपग्रहावरून १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम मिळाले. दोन याने अंतराळात जोडण्याची विद्या भारताला अवगत होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. इस्रोने धाडलेले दोन लहान उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांस जोडले गेले, आणि हे साधणारा भारत चौथा देश ठरला.

अपोलो-सोयूझच्या भेटीला वर्ष उलटते न उलटते तोच विल्यम्सच्या नावाने चालणाऱ्या शिकागोच्या कारखान्याने तो प्रसंग पिनबॉलच्या काचेवर आणला. यंत्राचा रचनाकार होता स्टीव्ह कॉर्डेक. पावसातून आडोशाला आलेला तो तरुण आता चौसष्ट वर्षांचा झाला होता. त्याने फळीच्या मध्यभागी एक लक्ष्य टांगले. ते स्थिर नव्हते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सारखे झुलत राही. त्याचा वेध घ्यावयाचा तर लक्ष्य आता कोठे आहे एवढे पाहून भागत नसे. गोळी तेथे पोचेल तेव्हा ते कोठे असेल, याचा अंदाज बांधावा लागे. यानाला यान जोडताना हीच अडचण असते. कॉर्डेकच्या मनात ती तुलना होती की नव्हती, हे बाजूला ठेवले तरी त्या चित्राला शोभेल असा याहून चांगला अडथळा सुचणे कठीण होते.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. काच व फळी उचलली, की पाहणारा चकित होतो. अंतराळयानांचे चित्र पाहून आत एखादा विद्युत मेंदू असावा असे वाटते. तसे काहीच तेथे नाही. आहेत त्या कापडी वेष्टनाच्या रंगीबेरंगी तारांच्या जुड्या, वेटोळी, दातेरी चाके आणि लहान लहान रिले यांच्या रांगा. रिले म्हणजे विजेने चालणारी कळ. वेटोळ्यात प्रवाह आला, की ते एका लोखंडी पट्टीला ओढते; पट्टी हलली, की तिला जोडलेल्या पातळ पात्यांची टोके एकमेकांस टेकतात किंवा सुटतात, आणि त्यामुळे दुसरी मंडले पूर्ण होतात अथवा तुटतात. एकोणिसाव्या शतकातील तारायंत्रात हीच युक्ती होती. जुन्या स्वयंचलित दूरध्वनी केंद्रांतून जी खडखड ऐकू येई, ती अशाच साधनांची.

रिलेला एक गोष्ट करता येते, आणि तिच्यावर या यंत्राची सारी 'बुद्धी' उभी आहे. रिले ओढला गेला, की त्याच्याच एका पात्याने त्याच्या स्वतःच्या वेटोळ्याला वीज पुरवावी अशी जोडणी करता येते. मग मूळ कारण नाहीसे झाले तरी रिले ओढलेलाच राहतो. गोळी एका लक्ष्याला क्षणभर शिवून निघून जाते, परंतु रिले ते विसरत नाही. फळीवर दिवा पेटतो व पेटलेलाच राहतो. डाव संपला, की एका ठिकाणी प्रवाह तोडण्यात येतो आणि सारे रिले एकदम आपली आठवण टाकून देतात.

गुण मोजण्याची पद्धत याहूनही सुरस आहे. काचेमागे प्रत्येक खेळाडूसाठी चाकांची एक ओळ असते व प्रत्येक चाकाच्या कडेवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे छापलेले असतात. गोळी एखाद्या कळीला लागली, की वेटोळे दातेरी चाकाला एकेक दात पुढे सरकवते. खटका त्याला मागे फिरू देत नाही. चाक नवावरून शून्यावर जाऊ लागले, की ते शेजारच्या चाकाला एक धक्का देववते. बेरजेत हातचा घेतात तो हाच. पाटीवर मूल जे मनात धरते, ते येथे तांब्याच्या दोन पात्यांच्या स्पर्शाने होते. पाचशे गुण एकदम द्यावयाचे असले, तर यंत्र शंभराच्या चाकाला पाच वेळा ढकलते. ती पाच ही संख्या त्याला कशी कळते? आत एक लहानशी मोटर हळूहळू फिरत असते. तिच्या आसावरील चकत्यांना उंचवटे असतात, आणि ठरावीक फेरीत पाच उंचवटे एका कळीला पाच वेळा दाबतात. संगीताच्या पेटीत फिरत्या नळीवरील खुंट्या जशा सूर काढतात, तशी ही मोटर गुण काढते. प्रत्येक गुणाबरोबर खट् असा आवाज येतो व धातूच्या पट्टीवर टोला पडतो. सरावलेला खेळाडू आकड्यांकडे न पाहता केवळ आवाजावरून आपले गुण मोजतो.

चार खेळाडू आळीपाळीने खेळतात, कोणाची पाळी आहे हे यंत्र जाणते, कोणती गोळी चालू आहे हे जाणते, लंबक कड्याला टेकला तर दंड करते. हे सर्व गणकयंत्राच्या मदतीशिवाय! ज्या दिवसांत चंद्रावर गेलेल्या यानांत विद्युत गणक बसवलेले होते, त्याच दिवसांत त्यांच्या चित्राखालचे हे यंत्र लोखंडी पाती हलवून हिशेब करीत होते. त्यात मागासलेपणापेक्षा काटकसर आणि दीर्घ अनुभव अधिक होता. बिघडले तर ते डोळ्यांना दिसे. कोणते पाते वाकले, कोठे काजळी धरली, हे दिवा धरून शोधता येई आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येई.

त्याच १९७६ साली न्यूयॉर्कमधील जुन्या प्रश्नाचाही निकाल लागला. बंदीला चौतीस वर्षे होऊन गेली होती. नगरसभेपुढे साक्ष देण्यासाठी पिनबॉलच्या व्यावसायिकांनी रॉजर शार्प या तरुण लेखकाला उभे केले. तो उत्तम खेळे व या यंत्रांचा त्याचा अभ्यास होता. सभागृहात दोन यंत्रे आणली होती, एक खेळण्यासाठी व दुसरे ऐनवेळी पहिले बिघडल्यास हाताशी असावे म्हणून. एका सभासदाला संशय आला, की पहिल्या यंत्रात काही लबाडी असावी. त्याने दुसऱ्यावर खेळण्यास सांगितले. शार्प खेळू लागला. त्याने फ्लिपरने गोळी हवी तेथे धाडून दाखवली, तरी ऐकणारे बधले नाहीत. तेव्हा त्याने एक धाडस केले. दांडा ओढण्यापूर्वीच त्याने सांगितले, की ही गोळी वरच्या वाटांपैकी मधल्या वाटेने खाली येईल. दांडा सुटला, गोळी कमानीवरून वळली, काठावर आपटली, आणि मधल्याच वाटेने उतरली. सभेचे मत पालटले व बंदी उठली. त्या फटक्यात आपल्या नशिबाचाही वाटा होता, असे शार्प पुढे सांगत असे. कौशल्याची साक्ष द्यावयास आलेल्या माणसाचा खटला अशा रीतीने थोडासा नशिबानेच तारला!

बंदी उठली, पण रिलेंचे दिवस भरले होते. १९७७ नंतर थोड्याच वर्षांत चाके, मोटरी आणि रिले यांची जागा लहानशा इलेक्ट्रॉनिक पाट्यांनी घेतली. गुण उजळणाऱ्या आकड्यांत दिसू लागले. १९७९ साली विल्यम्सच्या कारखान्याचे 'गॉर्गर' हे यंत्र चक्क बोलू लागले. त्याच सुमारास पडद्यावर खेळावयाचे खेळ आले, आणि मुलांची नाणी तिकडे वळली. त्या पडद्यांवर अंतराळातील लढाया होत्या, परंतु गोळी नव्हती, उतार नव्हता आणि हलवण्याजोगी पेटीही नव्हती. विल्यम्सच्या कारखान्याने १९९९ साली पिनबॉल बनवणे थांबवले. काही थोडे कारखाने अद्याप ती करतात. आणि 'अंतराळ मोहीम' यासारखी जुनी यंत्रे हौशी लोकांनी घरांतून व संग्रहालयांतून जपून ठेवली आहेत.

अशा यंत्राची दुरुस्ती सावकाशीने करावी लागते. बरीच वर्षे बंद राहिले, की पात्यांच्या टोकांवर गंज व काजळी साचते आणि वीज पुढे जात नाही. दुरुस्त करणारा बारीक कानशीने एकेक टोक घासतो, वाकलेले पाते सरळ करतो, घट्ट झालेली चाके काढून पुसतो. खेळाच्या फळीवर मेण लावून ती गुळगुळीत करतो. ऐंशी ग्रॅमची नवी चकचकीत पोलादी गोळी आणतो. पेटीचे मागचे पाय थोडे वर करून उतार साधतो आणि शेवटी लंबक कड्याच्या मध्यभागी येईल असा बसवतो. मग नाणे टाकतो. आतली मोटर घरघरते. मागच्या वेळी कोणी मिळवलेले गुण दाखवीत थांबलेली चाके खटखट फिरू लागतात आणि एकामागून एक शून्यावर येतात. अंतराळवीरांच्या चित्रामागे दिवे लागतात. गोळी घरंगळत दांड्यापुढे येऊन उभी राहते.